खुराची खूण नसलेली ढाल

आमचं सांगलीत नाटकाचं सामान भाड्यानं देण्याचं दुकान आहे. मुकुट, जिरेटोप, दाढ्यामिश्या, सिंहासनं आणि तलवारी. वडील गेल्यावर ते माझ्या गळ्यात पडलं. ते अजून चालू आहे ते माझ्या तोंडाळपणामुळे, असं आमच्या गल्लीत म्हणतात, आणि मला ते खोटं वाटत नाही. पत्र्याच्या तलवारी आणि पुठ्ठ्याच्या ढाली यांत माझी वीस वर्षं गेली. त्यामुळे लातूरहून कचेरीचं पत्र आलं तेव्हा मी फारच हुरळले. हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या पाठी, असं आई म्हणालीसुद्धा. मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही.

लातूर जिल्हा होऊन तेव्हा चारेक वर्षं झाली होती. नव्या जिल्ह्याला नवं वस्तुदालन हवं होतं. भिंतींवर उदगीर-औशाच्या किल्ल्यांची चित्रं, मधोमध काचेचं कपाट आणि त्यात जुनी हत्यारं. खरी हत्यारं काही मिळेनात, म्हणून हुबेहूब प्रतिकृती करून हव्या होत्या: दोन तलवारी, एक कट्यार, एक ढाल. पत्र्याची चालणार नाहीत, जुन्या रीतीनं हातानं घडवलेली पाहिजेत. काम पसंत पडलं तर आणखी तीन ठिकाणच्या दालनांचं काम मलाच, असंही पत्रात होतं.

मी गेले, काम केलं, परत आले. शेजारणी विचारतात, तिकडे काय पाहिलंस. मी त्यांना छोट्या गाडीचं सांगते, लंगरातल्या डाळीचं सांगते. ढालीचं कुणाला सांगितलं नव्हतं, ते आता सांगते.

नांदेड

मिरजेहून लातूरला छोटी गाडी जाते आणि लातूरहून पुढे एसटी. ह्या वाटेचं वर्णन करत नाही. ज्यानं केली त्याला माहीत आहे, ज्यानं केली नाही त्यानं सुखात राहावं. एवढंच सांगते की कृष्णाकाठच्या बाईला हिरवं नसलेली जमीन इतका वेळ सलग बघायची सवय नसते. रस्त्याच्या कडेला बायका खडी फोडत बसलेल्या. हॉटेलात चहाबरोबर पाण्याचा पेला मागितला तर मालक नम्रपणे म्हणाला, "बाई, चहाच घ्या अजून अर्धा. पाणी न्हाई."

नांदेडला गुरुद्वाऱ्यापासून थोडं लांब शिकलगारांची वस्ती आहे. हत्यारं घडवणं आणि त्यांना चकाकी देणं हा त्यांचा पिढीजात धंदा. तिथले बचनसिंग मला कुणीतरी सुचवले होते. पासष्टीचे, पांढरी दाढी, हाताला भाजल्याचे जुने डाग. अंगणात ट्रकच्या कमानींचे जुने पाटे रचून ठेवलेले, त्याच लोखंडाची ते तलवार करत. मी अक्कल पाजळली, की काम सरकारी आहे, लोखंड नवं घ्या.

"नवं नाय चालत, बाई," ते म्हणाले. "दहा साल ट्रकच्या खाली मार खाल्लेला पाटा पायजे. तुटायचं ते तुटून गेलेलं असतंय. उरलेल्यावर भरोसा ठेवायचा."

मी नमुना म्हणून आमच्या दुकानातली एक तलवार नेली होती. त्यांनी ती हातात घेतली, गुडघ्यावर वाकवली, सरळ केली आणि परत दिली.

"हिनं तुमच्याकडं काय करतात?"

"मारतात."

"मरतंय कोणी?"

"तिसऱ्या अंकात."

ते इतके हसले की त्यांच्या सूनबाई बाहेर आल्या. त्या दिवसापासून मी त्या घरात 'तिसऱ्या अंकवाली' झाले.

तलवारीला मूठ कशी बसवतात हे मला ठाऊक आहे असं मी समजत होते. आम्ही खिळा मारतो. बचनसिंगांनी मुठीच्या पोकळीत राळ आणि विटेची बारीक पूड भरली, पात्याचं शेपूट तापवून लाल केलं आणि एका दाबात आत घातलं. राळ वितळली, पुन्हा थिजली, झालं. खिळा नाही, काही नाही. दुसरी मूठ मी बसवते म्हणाले आणि अंगठा भाजून घेतला. सूनबाईंनी कणकेचा गोळा लावून दिला आणि मला लंगरात जेवायला नेलं. जमिनीवर ओळीनं बसलेली माणसं, शेजारी कोण हे कुणी विचारत नव्हतं. आमच्याकडे लग्नाच्या पंगतीतसुद्धा आधी आडनाव विचारतात. डाळ दाट होती, मी तीनदा घेतली.

तलवारी आणि कट्यार तयार झाल्यावर त्या जुन्या दिसाव्यात म्हणून मी माझी विद्या काढली. चिंचेचा कोळ, मीठ, आणि वर दोन दिवस ओला भुसा. पात्यावर सुरेख तांबूस डाग चढले. बचनसिंग बाजूला बसून बघत होते.

"आमच्या बापजाद्यांनी जिंदगीभर गंज काढला," ते म्हणाले, "आन तुम्ही सांगलीहून गंज लावायला आल्या."

मी हसले. तेव्हा ते मला फक्त गमतीचं वाटलं.

ढाल ते करत नव्हते. लोखंडाची करून देईन, पण जुनी ढाल कातड्याची असते आणि ती मुखेडकडे इरबाअप्पा करतात, असं त्यांनी सांगितलं. इथल्या मर्दानी खेळाच्या ढाली तेच करून धाडतात. मुखेडच्या एसटीच्या कंडक्टरजवळ त्यांनी निरोप दिला, तो दुसऱ्या दिवशी पोचला आणि तिसऱ्या दिवशी त्याच कंडक्टरनं उत्तर आणलं: कातडं चुन्यात घातलंय, बाईला पाठवा.

मुखेडकडे

मुखेडला त्या दिवशी बाजार होता. जनावरांच्या बाजारात विकणारे उभे होते, घेणारे दिसत नव्हते. एक म्हातारा आपल्या बैलाला टोपलीतून वाळके पाचोळे भरवत होता, आणि गिऱ्हाईक आलंच तर बैल उभा दिसावा म्हणून मधूनमधून त्याला उठवत होता. मला तिथं थांबवेना. जीपमध्ये दाटीवाटीनं बसून मी दोन कोसांवरच्या अप्पांच्या गावाला गेले.

इरबाअप्पा सत्तरीला टेकलेले, काटकुळे, गळ्यात चांदीच्या करडुकात, म्हणजे डबीत, लिंग. ते लिंगायतांतल्या कक्कय्या समाजाचे, कातडं कमावणं हा घरचा धंदा. त्यांनी हात जोडून "शरणार्थ" म्हटलं. मीही म्हटलं, जरा उशिरा. त्यांच्या बायको सुंदराबाईंनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "एकल्याच आल्या? घरच्यांनी सोडलं?" मी म्हटलं, घरचे सुटले असं समजतात. त्यांना ते उत्तर आवडलं असावं. जेवायला ज्वारीची भाकरी, येसराची आमटी आणि जवसाची चटणी मिळाली. आमच्याकडे पाहुणा आला की आधी पाण्याचा तांब्या देतात. इथे त्यांनी आधी भाकरी दिली आणि पाणी जेवण संपताना, मोजकं.

अप्पांचे वडील जहागीरदाराच्या शिपायांसाठी ढाली करत. पोलीस ॲक्शन झालं, जहागिरी गेल्या, ढाली गेल्या. मग अप्पा विहिरीवरच्या मोटा शिवायला लागले. पुढे इंजिनं आली, मोटाही गेल्या. आता वहाणा, आणि नांदेडहून वर्षाकाठी एखाददुसरी ढाल.

"औंदा तर कातडी ढिगानं मिळत असतील," मी म्हटलं. उचलली जीभ लावली टाळ्याला, ही माझी जुनी खोड.

अप्पा रागावले नाहीत. "लई येतेत. गावोगाव जनावरं पडून राहिलीत. पर त्याची ढाल होत न्हाई, बाई. उपाशी जनावराचं कातडं उजेडाला धरलं की पल्याडचं दिसतंय. ढालीला पोटभर खाल्लेला रेडा लागतो."

"मग हे कुठलं?"

"मागल्या बऱ्या सालचं हाय. मिठात घालून ठेवलं व्हतं. कदी कुनी चांगली ढाल मागंल म्हनून."

असं एकच होतं. ते त्यांनी माझ्यासाठी काढलं होतं, म्हणजे लातूरसाठी. लातूरचं नाव घेताना अप्पांचा आवाज बदलायचा. नव्या जिल्ह्यात कातडीकामाचा वर्ग निघणार होता आणि शिकवायला एक कारागीर घेणार होते, पगारी. अप्पांनी गावच्या मास्तरांकडून अर्ज लिहून घेतला होता. मुलाखतीला बोलावतील तेव्हा आपल्या हातचा उत्तम नमुना दाखवावा, असं त्यात होतं.

"म्या काय दावनार? वहाना?" अप्पा म्हणाले. "पर आता ही ढाल तिथंच भिंतीला लागनार. म्हनीन, या, बगा, ही माही."

सुंदराबाई म्हणाल्या, "पगार आला तर हे गाव सोडू. मला टँकरमागं पळून पळून बेजार झालंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डोक्यावरून अंघोळ केली. न्हाणीत भरलेली बादली होती, मला वाटलं माझ्यासाठीच. बाहेर आले तर सुंदराबाई रिकाम्या बादलीकडे बघत उभ्या. ते पाणी कातडं धुवायचं होतं. चुन्यातून काढल्यावर ते धुवावं लागतं, नाहीतर चुना कातडं खातो. त्यांनी घागर घेतली आणि टँकरच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. दोन खेपा केल्या. तिसऱ्या वेळी शेजारची बाई ओरडून म्हणाली, की लोक प्यायला तरसून राहिले आणि तुमी कातड्याला पाजता. सुंदराबाईंनी खाली मान घालून घागर आणली. मी घागर घ्यायला पुढे झाले तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. तुमचे केस वाळवा." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता ढाल कशी झाली ते सांगते, कारण ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. केस गेलेलं पांढुरकं कातडं अप्पांनी उलटं टाकून रापीनं तासलं. पाठीचा भागच घेतला, पोटाचा टाकून दिला. अंगणात मातीचा गोल उंचवटा केलेला होता, चोपून चोपून गुळगुळीत. त्यावर ओलं कातडं ताणलं आणि कडेनं खुंट्या ठोकल्या. एक खुंटी ठोकायची, मग समोरची, मग आडवी. माझ्या पदराचं टोक त्यात अडकून खुंटीखाली गेलं, ते कापून काढावं लागलं. वर छपराची सावली. ऊन लागलं तर कातडं घाई करतं आणि फाटतं, अप्पा म्हणाले. दिवसातून दोनदा ते बोटानं वाजवून बघायचे. तीन दिवस मी राहिले. कातडं वाळायला वेळ लागणार होता म्हणून मग नांदेडला गेले आणि तलवारी घेऊन तीन आठवड्यांनी परत आले.

तोवर ते पांढुरकं कातडं काळंभोर झालं होतं. जवसाचं तेल मुरवलेलं, वर लाख आणि काजळीचे हात. मधे पितळेच्या चार फुल्या म्हणजे फुगीर चकत्या, आणि त्यांच्या मागे धरायच्या दोन वाद्या, खाली कापसाची छोटी गादी. अप्पांनी ढाल जमिनीवर ठेवली आणि तिच्यावर उभे राहिले. ती दबली नाही. मला उभं राहायला सांगितलं, मी त्यांच्या दुप्पट. तरी दबली नाही. वीस वर्षं मी पुठ्ठ्याला काळा रंग लावून त्याला ढाल म्हणत होते, आणि मला फार लाज वाटली.

एकच काम राहिलं होतं. अप्पांनी चुलीत एक लहानशी लोखंडी सळई तापत ठेवली होती, तिच्या टोकाला खुराचा आकार.

"हे काय?"

"ज्याचं कातडं त्याची ढाल. आपली निस्ती मेहनत. म्हनून त्याचा खूर काठाला काढायचा. मह्या आज्यापासून हाय. नांदेडला कुनालाबी दावा, खूर बगून सांगंल, ही इरबाच्या घरची."

आणि इथे मी शहाणपणा केला. जुन्या ढालींची चित्रं मी पुस्तकांत पाहिली होती, त्यांवर असा खूर कुठे नव्हता. लातूरच्या साहेबांना जुनी दिसणारी ढाल हवी होती.

"अप्पा, हा खूर नको."

"कामून?"

"जुन्या ढालीवर नसतो. साहेब नापसंत करतील."

अप्पांनी सळईकडे बघितलं. "मग ती कुन्या घरची हाय, कसं कळंल?"

"मी आहे ना सांगायला," मी म्हटलं.

सुंदराबाई चुलीपाशी होत्या. तिथूनच म्हणाल्या, "मास्तरला बोलवा. बाईकून लिहून घ्या."

"येडी का काय," अप्पा म्हणाले. "मानूस आपल्या घरी चार घास जेवलं, त्याच्याकून लिहून घ्यायचं?"

त्यांनी सळई बाहेर काढून मातीत खुपसली. मला वाटलं, काम फत्ते. खरंच, मला तेव्हा एवढंच वाटलं.

लातूर

लातूरला सगळंच नवं होतं. कचेऱ्यांच्या पाट्या रंगवलेल्या, आत टेबलं यायची होती. आमच्या सांगलीत कचेरी म्हटलं की धूळ आणि जुने बस्ते. इथे चुन्याचा वास आणि माणसांच्या अंगात घाई. ज्यांनी मला पत्र पाठवलं होतं ते साहेब तरुण होते, चांगले होते. त्यांनी ढाल दोन्ही हातांनी उचलली आणि नुसते बघत राहिले. मग स्वतःच कपाटात लावली. संध्याकाळी तिच्याखाली पाटी आली: 'उदगीर परिसरातील ढाल, सतरावे शतक.'

"साहेब, प्रतिकृती लिहायचं राहिलं," मी म्हटलं.

"लिहू की नंतर. उद्या मुंबईचे पाहुणे येतायत. नव्या जिल्ह्याकडे दाखवायला काहीतरी जुनं असू दे, बाई. नाहीतर दुष्काळच दाखवावा लागेल."

मला ते पटलं नाही, पण मी पुढे बोलले नाही. तीन दालनांचं काम अजून व्हायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दालन भरलं. हार, फोटो, भाषण. पाहुणे कपाटापाशी आले आणि ढालीपुढे थांबले. "तीनशे वर्षं झाली, पण तकाकी काय आहे," ते म्हणाले.

"ती म्या केली, साहेब."

मी मागे बघितलं. अप्पा होते. धुतलेलं धोतर, लाल पटका, काखेत पिशवी. त्यांची मुलाखत त्याच आवारात दुपारी होती, हे मला माहीत नव्हतं. आपली ढाल बघायला ते आधी आत आले होते.

"औंदा केली, चैतात," ते हसून म्हणाले. "ह्या बाईनं आनली."

दोघेतिघे हसले. कुणीतरी त्यांचा दंड धरला. साहेबांचा चेहरा उतरला, आणि मग ते माझ्याकडे वळले. "ह्या बाई या विषयातल्या जाणकार आहेत," ते पाहुण्यांना म्हणाले. "बाई, तुम्हीच सांगा."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. अप्पासुद्धा, अगदी निर्धास्त. मी सांगणार हे त्यांना माहीतच होतं.

मला भीती वाटली. साहेब तोंडघशी पडतील, मला खोटं सामान विकणारी म्हणतील, काम जाईल, हे सगळं डोक्यात एकदम आलं. गल्लीभर जिच्या तोंडाला घाबरतात ती मी. मी म्हटलं, "ढाल जुनी आहे."

अप्पांचं हसू लगेच गेलं नाही. थोडा वेळ तसंच राहिलं. मग ते पाहुण्यांना म्हणाले, "बाई म्हनत्यात तर असंल. मह्या हातची वाटली. आता डोळ्याला कमी दिसून राहिलंय." पाहुण्यांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि सगळे पुढे सरकले.

मग अभिप्रायाची वही फिरली. पाहुण्यांनी ढालीविषयी दोन ओळी लिहिल्या, कारकुनानं खाली बोट ठेवलं आणि मला जाणकार म्हणून सही करायला सांगितलं. मी केली.

अप्पा बाहेर भिंतीच्या सावलीत बसले होते. मी धावत गेले. त्यांनीच विचारलं, "जेवल्या का?" आणि सुंदराबाईंनी बांधून दिलेली भाकरी सोडली.

"मी आत जाते," मी म्हटलं. "सगळ्यांसमोर सांगते."

"आता नका. मी खोटा पडलो. आता तुमी बी खोट्या पडल्या तर दोगंबी खोटे. येक तरी खरं ऱ्हाऊ द्या." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "पर बाई, मी त्यांला नमुना काय दावू?"

त्यात राग नव्हता. ते खरंच विचारत होते.

दुपारी त्यांना आत बोलावलं. लगेच बाहेर आले. नमुना विचारला, मी म्हनलं न्हाई आनला, एवढंच त्यांनी सांगितलं. ढालीचं नाव त्यांनी आत काढलंच नव्हतं. मी त्यांच्याबरोबर स्टँडपर्यंत गेले. मुखेडची गाडी लागली, त्यांनी खिडकीशी जागा धरली आणि मला जवळ बोलावलं. "घरला आल्या तर हे सुंदराला सांगू नका. ती तोंडाची फटकळ हाय, तुमाला बोलंल." गाडी सुटली. मी तिथे उभी राहून रडले, बायकामाणसं बघत होती तरी.

सांगली

घरी येऊन मी चार दिवस झोपून काढले. आईला वाटलं, ऊन लागलं. पाचव्या दिवशी उठून कचेरीला पत्र लिहिलं. ढाल नवी आहे, कुणी केली, कुठं केली, कातडं कुठलं, लाख कशी चढवली, सगळं लिहिलं. मी सगळ्यांसमोर खोटं बोलले हेही लिहिलं. त्या कारागिराला वर्गावर घ्या, अशी हात जोडून विनंती केली. तीन दालनांचं काम मला नको, हे शेवटी लिहिलं.

उत्तर महिन्याभरानं आलं. साहेबांची बदली झाली होती, सही दुसऱ्या कुणाचीतरी होती. वर्गावर एका कारागिराची नेमणूक झालेली आहे. ढालीच्या प्राचीनत्वाबद्दल म्हणाल, तर दालनाच्या वहीत जाणकार म्हणून आपलीच स्वाक्षरी आहे. सबब आपल्या पत्राचा विचार करता येत नाही.

ते पत्र घेऊन मी मुखेडला जायला पाहिजे होतं. सुंदराबाईंचं बोलणं ऐकून घ्यायला पाहिजे होतं. दोनदा पिशवी भरली आणि दोनदा रिकामी केली. बचनसिंगांना लिहून अप्पांची खुशाली विचारली. त्यांनी कुणाकडून तरी लिहून पाठवलं: बरे आहेत, वहाणा करतात, ढालीचं काम आलं तर कातडं नाही म्हणून परत पाठवतात. पाऊसपाणी झालं, रेडे पोसले, तर पुढंमागं करतील.

म्हणून हे छापायला देते. तुमच्यापैकी कुणी लातूरला गेलात तर ते दालन जरूर बघा. काचेच्या कपाटात मधोमध एक काळी ढाल आहे, तिच्याखाली सतरावं शतक लिहिलेलं असेल. ती मुखेडकडच्या इरबाअप्पांनी ह्या दुष्काळात केली. त्यासाठी सुंदराबाईंनी लोकांची बोलणी खात डोक्यावरून पाणी आणलं. मी समोर बसून पाहिलं होतं, आणि मला विचारलं तेव्हा मी सांगितलं नाही.